मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरची लघवीची गोळी सोडू का?

टी-दहा:
चौदा महिन्यांपूर्वी पाठीला मार लागला, दुखापत टी-१० ला, म्हणजे छातीमागच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर. दिवसातून पाच वेळा स्वतः कॅथेटर घालून लघवी काढतो. तरी मधेच पाय ताठ होतात आणि कॅथेटरचं पाकीट फाडेपर्यंत पॅन्ट ओली झालेली असते. डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा दिली. गळती बरीच थांबली, पण तोंडाला अशी कोरड पडते की जीभ टाळूला चिकटते. फोनवर चार वाक्यं बोललो की घोटभर पाणी लागतं. पोट साफ व्हायला पूर्वी अर्धा तास पुरायचा, आता दीड तास जातो. फार कंटाळलोय. गोळी सोडून सरळ डायपर लावलं तर काय बिघडेल?

जुना_पेशंट:
कृपा करून मनाने सोडू नका. मी सोडली होती, चार महिने. ओलं झालं की बदलायचं, एवढंच मनात. मग हुडहुडी भरून ताप आला आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांना सूज निघाली. आपल्याला गळती दिसते, आतला दाब दिसत नाही. मूत्राशय आपोआप आवळतं आणि बऱ्याच जणांत त्याच वेळी खालचा, वाट अडवणारा स्नायूही आवळून बसतो. मग दाब वर किडनीकडे चढतो. गोळी मुख्यतः त्यासाठी आहे, कपडे कोरडे राहतात हा वरचा फायदा. तुमची युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजायची तपासणी झाली का? दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर डॉक्टर गप्प बसत नाहीत.

कोरडीवर मार्ग आहेत. मला त्याऐवजी सोलिफेनॅसिन दिली, दिवसातून एकच गोळी, तोंड बरंच सुसह्य झालं. मिराबेग्रॉन वेगळ्या प्रकारची गोळी, तिने तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण बीपी मोजत राहावं लागतं. मला एकटी पुरली नाही, आता डॉक्टरांनी दोन्ही चालू ठेवल्यात. आणि बद्धकोष्ठतेचं नक्की सांगा, भरलेलं आतडं मूत्राशयाला आणखी चिडवतं.

दादाची_बहीण:
माझ्या दादाची दुखापत सी-६ ची, म्हणजे मानेतल्या सहाव्या मणक्याची. गोळ्यांनी भागलं नाही म्हणून बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन घेतो. दुर्बीण घालून मूत्राशयाच्या स्नायूत ३० ठिकाणी मिळून २०० युनिट टोचतात. गुण यायला दहा-बारा दिवस लागले, नंतर आठेक महिने बरे जातात, मग पुन्हा. त्यानंतर कॅथेटर लागतोच, पण तो तुम्ही घालताच आहात. पहिल्या वेळी दुर्बीण आत जाताच दादाचं डोकं ठणकायला लागलं, मानेवर घाम, बीपी भराभर वर. टी-६ किंवा त्याच्या वरच्या दुखापतीत हे होतं, तुम्हाला त्याची भीती कमी. एक मात्र बघा, गळती अचानक वाढली तर औषध बदलण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या. आमच्याकडे दोनदा जंतुसंसर्गच निघाला.

टी-दहा:
युरोडायनॅमिक अजून झालेलंच नाही, कोणी सांगितलंही नव्हतं. उद्याच वेळ घेतो, तोवर गोळी चालू ठेवतो. कालपासून वही केलीय: पहाटे ५ ला ४५० मिली, सकाळी ९ ला २२०, दुपारी १ ला ३८०.

जुना_पेशंट:
वही सोबत न्या. गळती किती वाजता झाली आणि त्याआधीची गोळी कधी घेतली होती, तेही लिहा. माझ्या गोळीची वेळ त्यावरूनच बदलली.