मदत हवी आहे: आतोबांची हवाईयन गिटार कुठली असावी, आणि न मोडता विकायची तर किंमत काय धरावी?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत माझी आत्या राहते, वय ८७. जुनं घर पाडायचं ठरलंय, म्हणून दोन महिने माळे उपसणं चालू आहे. त्यात एका लाकडी पेटीत, धोतरात गुंडाळलेली आतोबांची गिटार निघाली. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती, हवाईयन. लहानपणी मी त्यांचं वाजवणं खूप ऐकलंय. उजव्या हाताला नख्या, डाव्या हातात स्टीलची कांडी, आणि आत्याने चहा आणून ठेवला तरी गाणं संपेपर्यंत कपाला हात लावायचे नाहीत. रेडिओवर बातम्यांआधी दोन-चार मिनिटं उरली की गिटारवर सिनेमाची गाणी लावत, आठवतंय ना? व्हॅन शिप्ली किंवा सुनील गांगुली लागले की आतोबा हातातलं काम थांबवायचे. ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर राग वाजवले, म्हणून त्यांच्याबद्दल तर ते उभे राहूनच बोलत.

आता गिटारचं वर्णन. फोटो खाली जोडलेत, पण फोटोत न दिसणारं लिहितो.

सहा तारा. अंग भरीव लाकडाचं, आतून पोकळ नाही, आणि त्यावर राखाडी मोतिया रंगाचं प्लास्टिक चढवलेलं. जुन्या कंगव्याला किंवा साबणाच्या डबीला असायचं तसं. एका कोपऱ्यावर ते पिवळं पडून तडकलंय. पडदे तारेचे नाहीत, पट्टीवर नुसत्या रेघा आहेत. घोडीपासून नटापर्यंत (डोक्याजवळची खाचांची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) बरोबर ५७ सेंटीमीटर. दोन बटणं, एक आवाजाचं, एक टोनचं. डोक्यावर पुढच्या बाजूला नावाची पट्टी होती हे नक्की, कारण तेवढीच जागा गडद राहिली आहे. मागच्या बाजूला दोन बारीक खिळ्यांची भोकं आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिकअप, तारांचं कंपन विजेत पकडणारा भाग. तारा त्याच्या वरून जात नाहीत, आतून जातात. खाली वेटोळं, वर पत्रा, आणि मधल्या फटीतून तारा. नवी तार घालायची तर सुईत दोरा ओवावा तशी ओवावी लागते. रिकनबॅकर कंपनीच्या गिटारींवर नालेसारखे वाकलेले लोहचुंबक तारांच्या वर कमानीसारखे उभे दिसतात, तसं इथे काही नाही. एवढ्यावरून मी शिकागोच्या वाल्को कंपनीपर्यंत आलोय. सुप्रो आणि नॅशनल ही नावं त्यांचीच, शिवाय ओआहू या दुसऱ्या कंपनीच्या नावानेही त्यांनी वाद्यं बनवून दिली. वाल्कोच्या वाद्यांवर नंबराची छोटी पत्र्याची पट्टी डोक्याच्या मागे खिळ्यांनी ठोकलेली असते, म्हणजे ती दोन भोकं जुळतात. मोतिया प्लास्टिक मॅग्नाटोन कंपनीही वापरत असे, त्यामुळे नुसत्या रंगावर विश्वास ठेवला नाही.

वयाचं कोडं घरातच सुटलं असं मला वाटतं, पण कुणी तपासून पाहावं. घरात सांगितलं जातं की आतोबा मिलच्या कामासाठी कलकत्त्याला होते तेव्हा, युद्ध संपून मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाकडून त्यांनी ही घेतली. म्हणजे १९४५-४६. परवा मी मागचं झाकण उघडलं. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर १३४७२२ असा आकडा आहे. १३४ हा सेंट्रालॅब कंपनीचा खुणेचा आकडा. त्या काळी पुढचा एक आकडा वर्षाचा शेवटचा अंक असे आणि त्यापुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे ७ सालचा २२ वा आठवडा: १९४७ किंवा १९५७. आणि आत्याच्या अल्बममध्ये आतोबांचा हीच गिटार मांडीवर घेतलेला फोटो आहे, मागे त्यांच्याच अक्षरात 'गणेशोत्सव १९५६'. तडकलेला कोपरा तेव्हाही तडकलेलाच दिसतो. तेव्हा १९५७ बाद. डाग दिलेले सांधे मूळचे वाटतात, कुणी पुन्हा डाग दिल्याचं दिसत नाही. मग गिटार १९४७ च्या मे अखेरीच्या आधीची असूच शकत नाही, आणि सैनिकाची गोष्ट जुळत नाही. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, त्यांनी कुणाकडूनही घेतली असेल, वाजवायचे तर तेच ना." मला मात्र चैन पडत नाही.

पेटीत आणखी तीन वस्तू आहेत: अंगठ्याची नखी, गंजलेली कांडी, आणि एक वायर जिच्या एका टोकाला जाड पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या पिना. अ‍ॅम्प्लिफायर कधीच नव्हता. रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असत, त्यात ते गिटार लावायचे. एक वहीही आहे, त्यात गाणी सरगममध्ये.

आता अडचण. आतेभावाने फोटो टाकल्यावर एकाचा फोन आला. माणूस बोलायला नीट, पैसेही लगेच द्यायला तयार. पण प्रश्न सगळे पिकअपबद्दल. शेवटी म्हणाला, "पिकअपचेच १८,००० देतो, बाकी लाकूड तुम्ही ठेवा." मग शोधल्यावर कळलं की अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला सुप्रोच्या लॅप स्टीलचा (म्हणजे अशाच मांडीवरच्या गिटारचा) पिकअप बसवला होता, आणि त्या आवाजासाठी लोक अख्खी वाद्यं फोडतात. आत्याने ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. आतेभाऊ म्हणतो अँटिक आहे, लाखाला जाईल. कायद्याने पुरावस्तू व्हायला १०० वर्षं लागतात, ही ७८ च्या आसपास. साध्या सुप्रो अमेरिकेत काही शे डॉलरला मिळतात. लाखाची गोष्ट मला पटत नाही, पण १८,००० ला काळीज काढून देणंही पटत नाही.

दुसरं दुखणं माझ्या हातून झालं. तारा बदलायला शहरातल्या एका दुकानात नेली. तिथला माणूस म्हणाला, "तारा फारच वर आहेत, बोटाने दाबणार कशा? नट घासून देतो." मी सांगेपर्यंत त्याने एक खाच कानशीने खाली नेली. ही वर असायलाच हव्यात हो, कांडी तारेवरून सरकते, पट्टीला टेकत नाही! आता सहावी तार इतरांपेक्षा खाली बसते आणि कांडी तिला नीट लागत नाही.

म्हणून विचारतो:

वाल्कोचा अंदाज बरोबर आहे का, आणि सुप्रो की ओआहू हे पट्टीशिवाय कशावरून ठरवायचं?

नावाची पट्टी नाही, एक खाच घासलेली, बाकी मूळचं, पिकअप चालू (वेटोळं तुटलेलं नाही, मीटर लावून पाहिलं). अशी अख्खी गिटार भारतात वाजवणाऱ्याला विकायची तर किती सांगावे?

खाच भरून घेता येते का, की नट नवीनच करावा? जुना मी जपून ठेवणारच.

आणि इंदूर, उज्जैन, भोपाळकडे हवाईयन वाजवणारं कुणी आहे का? आत्याची अट एवढीच: घेणाऱ्याने तिच्यासमोर एक गाणं वाजवून दाखवावं.

भर, रात्री ११: खाली दोघांनी विचारलंय की मधल्या काळात काय काळजी घ्यावी. मी तारा दोन-दोन फेरे सैल केल्यात, पूर्ण उतरवल्या नाहीत. प्लास्टिकला तेल-पॉलिश काही लावलं नाही, कोरड्या मलमलीने पुसलं. नंबरपट्टीसाठी पेटीचं अस्तर उचकटून पाहिलं, सापडली नाही. फोनवाल्याला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. त्याला नाही म्हणायचं हे आत्याने ठरवलंय, मला फक्त दुसरा घेणारा हवाय.