मेंटेनन्समधून मॅनेजमेंटकडे जायचंय, 'स्ट्रॅटेजिक थिंकिंग' शिकायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर, गोव्यातल्या फर्मागुढीच्या कॉलेजचा. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत युटिलिटी सांभाळतो, म्हणजे चिलर, बॉयलर, कॉम्प्रेसर. प्लँट हेडच्या हाताखालची जागा रिकामी होतेय. माझं नाव चर्चेत आहे, पण अप्रेझलमध्ये शेरा पडला: 'काम उत्तम, स्ट्रॅटेजिक थिंकिंग कमी.' नेमकं काय कमी, विचारलं तर साहेब म्हणाले, 'बिग पिक्चर बघायला शीक.' आता यातून मी काय शिकू?

मी लावलेला अर्थ सांगतो, चुकत असेन तर सांगा. जुना चिलर, म्हणजे थंड पाणी पुरवणारं यंत्र, सारखा ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. ओव्हरहॉलला किती खर्च आणि किती तास बंद, एवढंच मी आजवर मांडत आलो. वरच्या खुर्चीतला माणूस बहुधा आधी विचारेल, तीन वर्षांनी हा ब्लॉक चालवायचाय का? इथली गोळी अमेरिकेला पाठवायची ठरली तर एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामकाच्या, तपासणीत ही यंत्रणा निभावेल का? हेच पैसे पॅकिंग लाइनवर घातले तर? प्रश्न सुचतात हो, पण उत्तराला लागणारे आकडे, मार्जिन, पुढच्या ऑर्डरी, माझ्यापर्यंत येतच नाहीत. ते मागायचे कुणाकडे? 'तुला काय करायचंय?' असं न ऐकता?

2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सांखळीकडे खनिजाचे ट्रक, म्हणजे टिप्पर, दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला कामच उरलं नाही. कारागिरीत ते कुठेच कमी नव्हते, गिऱ्हाईक मात्र एकाच धंद्यातलं. साहेब म्हणतात ते हेच असावं, असं मला वाटतं.

स्वॉट (बळ, उणिवा, संधी, धोके) आणि पोर्टरचे फाइव्ह फोर्सेस (धंद्यातली स्पर्धा जोखायचा आराखडा) यूट्यूबवर पाहून झाले. चौकोन छान भरता येतात, निर्णय मात्र होत नाही. सांखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचाही विचार मनात आहे, पण दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या काळात मला घरचेसुद्धा दिसत नाहीत, तिथे अभ्यास कधी करणार?

शॉप फ्लोअरवरून वर गेलेल्यांना विचारतो: आधी कोर्स केलात, की फायनान्सवाल्यांशी गट्टी जमवली? चिलरचंच प्रपोजल तुम्ही कसं लिहिलं असतं? 'एमबीए करच' म्हणणाऱ्यांनी फी किती गेली आणि पदरात काय पडलं तेही लिहा. मुलाखत गणपतीच्या चवथीनंतर आहे.