स्पीडबॉल २: गोल जास्त मारूनही मॅच हातातून जाते

प्रश्न: सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर स्पीडबॉल २ हा गेम खेळतोय, टीम अर्थात ब्रुटल डिलक्स. समोरचे गोल कमी मारतात तरी स्कोअर त्यांचाच जास्त, असं कसं?

उत्तर: अरे गोलचे १० पॉइंट, पण समोरच्याला जखमी करून बाहेर काढलं तरी १०च मिळतात, शिवाय भिंतीवरच्या ताऱ्यांचेही पॉइंट आहेत, आणि बाजूच्या मल्टिप्लायरमधून बॉल फिरवला की सगळं दीडपट नाहीतर दुप्पट होतं, मी तर आधी तिकडेच पळतो

उत्तर: +१. हाफ फक्त ९० सेकंदांचा, त्यामुळे मल्टिप्लायर त्यांच्याकडे राहू देऊच नको. आणि नाणी उचलत जा रे, जिममध्ये प्लेयर तगडे करायला लागतात. १९९० चा गेम, पण हँडबॉल, हॉकी आणि हाणामारी एवढी भारी कुणीच मिसळली नाही.