ऑइल पेंटिंग सुरू करायचंय, बजेट 2000 च्या आत, रूम एकच. काय घेऊ, काय नको?

बर्डीवाली:
नमस्कार मंडळी, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, त्यानंतर ब्रशला हात नाही लावला. आता नोकरी आहे, संध्याकाळ मोकळी असते तर ऑइल शिकायचं डोक्यात बसलंय. व्हिडिओ पाहून पाहून गोंधळ वाढूनच राहिला आहे, प्रत्येकाची यादी वेगळी. नागपुरात बर्डीवर दुकानात विचारलं तर काउंटरवर 12 ट्यूबांचा बॉक्स, इझल (चित्र टेकवायचा स्टँड), ताणलेला कॅनव्हास, दोन-तीन बाटल्या असं सगळं मांडलं, बिल ऐकलं अन् मी "येते वापस" म्हणून निघाली. तर यातलं खरंच काय लागतं? दुसरं, मेडिकल चौकाजवळ रूम आहे, रूममेटला टर्पेंटाइनच्या (रंग पातळ करायचं, ब्रश धुवायचं तारपीन) वासानं डोकं दुखते, खिडकी एकच अन् तिच्यात कूलर बसवलेला. अन् घरून आईनं घाणीवरचं जवसाचं तेल दिलंय, ते चालेल का की दुकानातलंच घ्यायचं?

रंगारी_महाल:
बॉक्स घेऊच नको. त्यात पांढरा बाकीच्यांएवढाच असते अन् ऑइलमध्ये सगळ्यात आधी संपतो तो पांढराच. सुटे घे: टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, बाकी छोट्या, अल्ट्रामरीन ब्ल्यू, लेमन यलो, क्रिमसन, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). झालं. काळा घ्यायची गरज नाही, अल्ट्रामरीन अन् बर्न्ट सिएना मिसळले की जवळजवळ काळाच होतो, निळा जास्त टाकला की थंड, सिएना जास्त की गरम, असा काळा ट्यूबमधल्यापेक्षा चित्रात जास्त बरा दिसते. पैसे उरले तर यलो ऑकर घे, स्किन टोन अन् मातीला कामी येते. स्टुडंट क्वालिटी चालेल, फक्त पांढरा जमलं तर आर्टिस्ट क्वालिटीचा घे.

इझल आता नको, खुर्चीच्या पाठीला बोर्ड टेकव. पॅलेट, म्हणजे रंग मिसळायची पाटी, म्हणून घरी फरशी बसवताना उरलेली टाइल किंवा काचेचा तुकडा, कडा घासून घे अन् काचेखाली राखाडी कागद ठेव म्हणजे रंगाची खरी शेड कळते. ब्रश मात्र फालतू घेऊ नको बाप्पा, केस निघून निघून रंगात चिकटतात अन् मग चिमट्यानं काढत बसावं लागते. हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) फ्लॅट, एक बारीक, एक मध्यम, एक रुंद, बस.

कॅनव्हास ताणलेला नको, छोटे कॅनव्हास बोर्ड घे, किंवा जाड 300 जीएसएमच्या कागदाला दोन्ही बाजूंनी गेसोचा (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) हात मार, समोरून दोन कोट. कोऱ्या कागदावर डायरेक्ट ऑइल लावू नको, कागद तेल पिऊन घेतो, रंग मेल्यासारखा दिसते अन् काही वर्षांत कागद कडक होऊन तुटतो.

घाणीवरचं_तेल:
तेलाचं मी सांगते. ऑइल कलर पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जवसाच्या तेलात हा गुण आहे म्हणून ते वापरतात, शेंगदाण्याच्या तेलात नाही, ते महिनोनमहिने चिकटच राहील. आईनं दिलेलं तेल सुकेल, पण ते रिफाइंड नसते, त्यात गाळ-चिकटा असतो, सुकायला वेळ लावते अन् पिवळं पडते. रंगात घालायला दुकानातली छोटी बाटली घे, थेंबथेंबच लागते, खूप दिवस पुरते. आईचं तेल ब्रश धुवायला ठेव! आधी चिंधीनं रंग पुसून काढ, मग तेलात ब्रश घोळव, परत पूस, शेवटी साबणानं तळहातावर फेस निघेपर्यंत धू. टर्पेंटाइन लागतच नाही, रूममेट खूश. बाटलीत उरलेल्या, ब्रश न लागलेल्या तेलाची चटणीवर धार धर.

हार्डवेअरच्या दुकानातलं तारपीन स्वस्त म्हणून घेऊ नको, ते बरेचदा मिनरल टर्पेंटाइन (पेट्रोलियमपासूनचं) असते, त्याचाही वास डोक्यात जातो अन् एका खिडकीच्या रूममध्ये तर नकोच.

अन् एक गोष्ट सीरियसली घे. तेलाच्या चिंध्या गोळा करून डस्टबिनमध्ये टाकायच्या नाहीत. तेल सुकताना गरम होते, चिंधी चुरगाळलेली असली तर उष्णता बाहेर पडत नाही अन् आपोआप पेटू शकते. मे महिन्यात 45 डिग्रीत तर विचारूच नको. दोरीवर पसरून वाळव, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाक.

उगाच_एक_प्रश्न:
काहून एवढा ताप घेता? ॲक्रिलिक घे ना, पाण्यात काम, वास नाही, तेल नाही.

रंगारी_महाल:
हौ, पण उन्हाळ्यात नागपुरात ॲक्रिलिक करून पाहा भाऊ. पंख्याखाली पॅलेटवर रंग पिळला, फोन घेऊन आला, की रबर. पाण्याचा स्प्रे घेऊनच बसावं लागते. ऑइल दुसऱ्या दिवशीही ओलंच राहते, ऑफिसवरून आली की कालचा रंग तसाच पुढे मिसळता येतो, नोकरीवाल्याला हेच सोयीचं.

बर्डीवाली:
थँक्यू सगळ्यांना! टर्पेंटाइन नसेल तर पहिला थर पातळ कसा करायचा? व्हिडिओत सगळे टर्पेंटाइननंच करतात. अन् सुरुवातीला काढू काय, संत्री ठेवू का समोर?

घाणीवरचं_तेल:
पातळ करायचंच नाही. ट्यूबमधला रंग थोडासा घेऊन कोरड्या हॉग ब्रशनं बोर्डावर घासून पसरव, थर आपोआप पातळ बसतो. वरच्या थरात मग तेलाचा एखादा थेंब. उलटं करू नको, म्हणजे खाली तेलकट अन् वर कोरडं, खालचा थर हळू सुकते अन् वरच्याला पुढे भेगा जातात.

संत्री नको आता. माठ ठेव एका बाजूनं टेबल लॅम्प लावून, अन् फक्त बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, पांढरा एवढ्यावरच काढ. उजेड-सावली जमली की संत्र्याकडे ये, त्याच्या सावलीत काळा टाकायचा नसते, थोडा निळा टाकायचा.

सिव्हिल_लाइन्स:
एक ॲड करतो. व्हिडिओ कमी कर अन् खरी चित्रं बघ. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शन लागलं की जा, अजब बंगल्यातही, म्हणजे आपल्या म्युझियममध्ये, एक चक्कर मार. चित्रासमोर नाही, बाजूला उभी राहून तिरपं पाहा, रंग कुठे जाड अन् कुठे नुसता पुसलाय ते दिसते, मोबाइलवर हे कळतच नाही.

बर्डीवाली:
रविवारी जाते. अन् दुकानात झिंक व्हाइट स्वस्त सांगत होते, ते घेऊ का टायटॅनियमऐवजी?

रंगारी_महाल:
नको. झिंकचा थर काळानुसार ठिसूळ होतो, शिवाय खालचा रंग झाकतो पण कमी, जास्त लागेल. टायटॅनियमच. आणलं की माठाचा फोटो टाक इथे.