परिक्रमेत एकट्याने चालताना पातेलं न्यावं की नको?

पायवाट:
नर्मदा परिक्रमेला एकट्याने पायी निघणाऱ्यांच्या सामानात हल्ली गॅसचा छोटा स्टोव्ह, पातेलं, मसाल्याच्या पुड्या असतात. माझ्या मते एकट्याने यातलं काहीच नेऊ नये. तिघं असले की एक पाणी आणतो, एक सरपण, एक कणीक मळतो. एकट्याला हे सगळं करून वर भांडीही घासायची. दीड तास जातो. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चारलाच चाल थांबवा! पाठीवर एकूण ६-७ किलो असावं, त्यात शिधा धरून हे अडीच किलो होतं. शिवाय गॅसचे ते डबे काठावरच्या गावांत मिळत नाहीत. आश्रमात सकाळी बालभोग म्हणजे नाश्ता, दुपारी भोजनप्रसादी मिळते. मधल्या वेळेला पाव किलो गूळ-शेंगदाणे पुरेत.

उत्तरतट:
स्टोव्ह नको, मान्य. पातेलं मात्र हवंच. सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींसाठी चालणाऱ्या अन्नदानात, कोरडा शिधा मिळतो, ताट वाढून मिळत नाही. आसन लावायला, म्हणजे मुक्कामाला, जागा देणाऱ्याकडे जास्तीचं भांडं असेलच असं नाही. दीड लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं, ताटलीसारखं वापरता येईल असं झाकण, एवढंच. १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मूगडाळ, अर्धा लिटर पाणी: एकट्याची खिचडी झाली. तूरडाळ मिळाली तर ती चालायला लागण्याआधी डब्यात भिजत घाला, नाहीतर चुलीवर तासभर शिजत नाही. आणि शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलात, पाडे विखुरलेले. ज्या घरात स्वतःपुरतीच ज्वारी-मका आहे, तिथे शिजलेल्या अन्नाची वाट पाहत बसणं मला पटत नाही. शिधा त्यांच्या हाती द्यावा, नाहीतर आपण रांधावं.

पायवाट:
झाडीचा मुद्दा मान्य. पण शिधा त्यांच्या हाती द्यायचा तर पातेलं कशाला? फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळून रानभर कोरडा पाचोळा असतो. एकटा माणूस थकून झोपला आणि निखारा विझवायचा राहिला, तर वणवा लागतो.

गोवरी:
टिक्कडाला, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या जाड रोटीला, पातेलं लागतच नाही, मग वाद कसला? २०० ग्रॅम कणीक, मीठ, पाणी बेताचं. घट्ट मळून बोटभर जाड थापायचं. चुकतं ते घाईमुळे. गोवऱ्यांची ज्वाळ पूर्ण बसून निखारा राखाडी होईपर्यंत थांबायचं. आधी टाकलं की बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून चालावं लागतं. दवाने सरपण ओलं होतं, म्हणून सकाळच्या काटक्या रात्रीच आडोशाला ठेवा. आग मात्र अंगणात, मालकाला विचारूनच; रानात नकोच.

उत्तरतट:
टिक्कड मान्य, पण पाण्याचं काय? गढूळ पाणी आधी कापडातून गाळून मग खळखळून उकळायचं, तर भांडं लागतंच. फक्त नर्मदेच्या मुखाकडे, समुद्राजवळ, हा उपाय चालत नाही. भरतीचं पाणी खारं, उकळून खारटपणा जात नाही. मुखाजवळच्या विमलेश्वरला पलीकडच्या तटावर नेणाऱ्या नावेसाठी भरतीची वाट पाहत थांबावं लागतं, तेव्हा गोडं पाणी गावातूनच भरून घ्या, किमान २ लिटर.