वजन जास्त म्हणून लांबच बोर्ड घ्या, हा सल्ला आता थांबवा

हार्डबूट (झुरिच)

परवा या फोरमवर एकाने साधा प्रश्न विचारला होता. मूळचा पुण्याचा, सध्या स्टुटगार्टला, उंची ६ फूट २, बूट-कपड्यांसकट वजन १०० किलो. अल्पाइन कार्व्हिंगचा, म्हणजे न घसरता कडेने बर्फ कापत वळायचा, १६२ सेंटिमीटरचा जुना स्नोबोर्ड स्वस्तात मिळतोय, घेऊ का? त्यावर पहिलंच उत्तर आलं: "नव्वद किलोच्या वर १७५ च्या खाली बघायचंच नाही. छोटा बोर्ड पोरासोरांसाठी." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी चिडलो, कारण आठ वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं होतं आणि त्यापायी माझे तीन हिवाळे फुकट गेले. माझं वजन ९८. मी इमानदारीत १८३ चा जीएस (जायंट स्लॅलम शर्यतीचा) बोर्ड घेतला, कडेच्या वक्राचा रेडियस १८ मीटर. रविवारी सकाळी दहानंतर इथल्या उतारांवर मुंग्यांसारखी माणसं असतात. टर्न निम्मा होतोय तोवर उताराची कड यायची, मग एज (बोर्डाची धारदार कड) सोडून घसरत वळायचं. तीन वर्षं मी कार्व्हिंग शिकत नव्हतो, ब्रेक मारायला शिकत होतो.

हिशोब बघा. ४५ अंश झुकायचं तर १८ मीटर रेडियसच्या बोर्डाला ताशी ४० किलोमीटर वेग लागतो. १० मीटरच्या बोर्डाला ३० पुरतो. झुकलेला बोर्ड त्याच्या रेडियसपेक्षा आखूड वळतो, म्हणून अर्धवर्तुळं जोडत खाली आलात तर पहिल्याला साधारण २५ मीटर रुंद पट्टा हवा, दुसऱ्याला १४. या गणितात वजन कुठेच येत नाही, दोन्ही बाजूंनी कटून जातं. शंभर किलोचा माणूस आणि साठ किलोची मुलगी, त्याच वेगाला त्याच रेडियसवर सारखेच झुकतात.

वजन येतं ते बोर्ड किती वाकतो त्यात. ६० अंश झुकलात की बोर्डावर दुप्पट भार पडतो, म्हणजे १०० किलोवाल्याचे २०० किलो. आता १६२ ऐवजी १७५ घेतलात तर एजची लांबी वाढते जेमतेम ८ टक्के. ७५ आणि १०० किलोंतला फरक ३३ टक्के आहे. तो ८ टक्क्यांनी भरून निघेल? तो भरून निघतो कडकपणाने. कोअर (आतला गाभा) १० टक्के जाड केला की बोर्ड ३३ टक्के कडक होतो, कारण जाडीचा घन लागतो.

मीही एकदा मित्राचा १५८ चा बोर्ड घेऊन उतरलो होतो. तो ७० किलोच्या माणसासाठी बांधलेला. तिसऱ्या टर्नला नोज (पुढचं टोक) बर्फात घुसलं, बोर्ड दुमडला आणि मी तोंडावर. त्या दिवशी मीही म्हणालो होतो, छोटा बोर्ड आपल्यासाठी नाही. खरं तर तो छोटा नव्हता, मऊ होता. आता माझ्याकडे १६३ आहे, वजन सांगून बांधून घेतलेला, आणि मागे वळून बघितलं की बर्फात पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच रेघ दिसते.

रॉकीकर (डेन्व्हर)

ते उत्तर माझं होतं, तेव्हा नाव घेऊन बोला. मी गिअरसकट ११० किलो, पंधरा हिवाळे हार्ड बूटवर (स्कीच्या बुटांसारखे कडक). तुमचा हिशोब सपाटीवरचा आहे आणि आम्ही डोंगरावर जातो.

एक, जड माणूस हलक्यापेक्षा जास्त वेग धरतो, कारण हवेचा अडथळा त्या मानाने कमी पडतो. दोन, तुमच्याच हिशोबाने १० मीटर रेडियसचा बोर्ड ताशी ३५-३६ च्या वर स्वच्छ कार्व्ह करूच शकत नाही. मग जड माणसाने करायचं काय, उतरायचंच नाही? तीन, दुपारी दोननंतर इथे कोलोरॅडोत अरापाहो बेसिनच्या उभ्या उतारावर या. सकाळचा विंचरलेला बर्फ गेलेला असतो, ढेकळं उरतात. १८० त्यांच्यावरून निघून जातो. १६२ प्रत्येक ढेकळाशी भांडतो.

आणि चौथं तुम्ही विसरलात. सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्याचा स्टान्स (दोन पायांतलं अंतर) ही रुंद असतो. ५० सेंटिमीटरचा स्टान्स १६२ वर लावला की पुढे नोज उरतं किती? थोडंसं पुढे झुकलं तरी सगळं वजन त्या तुकड्यावर. तुम्ही तोंडावर पडलात ते फक्त मऊपणामुळे नाही.

लॅमिनेट (पिंपरी)

मी बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलाय, पण बावीस वर्षं कंपोझिटमध्ये काम करतोय. वर-खाली फायबरचे थर आणि मध्ये लाकूड अशी रचना असेल तर भार मुख्यतः बाहेरचे थर घेतात. तिथे जाडीचा घन नाही, जवळपास वर्ग लागतो. १० टक्के जाडीला २१ टक्के कडकपणा मिळेल. ३३ हवा असेल तर जाडी १५ टक्के वाढवा किंवा फायबर वाढवा. हार्डबूट, आकडा दुरुस्त करा, लोक यावरून बोर्ड मागवतील.

हार्डबूट

मान्य. घन नव्हे, वर्ग. निष्कर्ष बदलत नाही, पण आकडा चुकला होता.

रॉकीकर, चौथा मुद्दा मी खरंच धरला नव्हता. उंच माणसाला पुढे-मागे तोल सांभाळायला छोटा बोर्ड कमी माफ करतो, हे कबूल. पण उरलेल्या तिन्हींसाठी तुम्ही अरापाहो बेसिनला उभे आहात आणि प्रश्न विचारणारा स्टुटगार्टहून शनिवार-रविवारी गर्दीत जाणार आहे. आणि वेगाचं म्हणाल तर टर्न पूर्ण करा. उतारावर आडवं येईपर्यंत, जमलं तर थोडं वर चढेपर्यंत वळवा. वेग आपोआप मरतो. १० मीटरच्या बोर्डावर ते १४ मीटरच्या पट्ट्यात होतं, हाच तर माझा मुद्दा.

इसारकाठ (म्युनिक)

"थोडं वर चढेपर्यंत वळवा." हे वाचून मला राहवलं नाही.

मागच्या फेब्रुवारीत मी स्कीवर उताराच्या कडेकडेने, माझ्या वेगात उतरत होते. पुढे एक धिप्पाड माणूस असाच अरुंद बोर्ड घेऊन. तो डावीकडून उजवीकडे गेला, मला वाटलं गेला. तर तो वळून चक्क वर आला, माझ्या दिशेने, जवळजवळ बर्फावर आडवा पडून. मला सरकायला जागाच नव्हती. उजवं कॉलरबोन मोडलं. प्लेट आणि सहा स्क्रू. दीड महिना मला केस बांधता आले नाहीत, शेजारची तुर्की मावशी रोज सकाळी वेणी घालून द्यायची. नाशिकहून आई व्हिडिओवर विचारायची, आज जेवलीस कोणत्या हाताने?

तुम्ही १६२ की १८० करत बसलाय. शंभर किलोचा माणूस वर येताना मागे बघतो का, हे कुणी विचारत नाही.

रॉकीकर

ताई, तुम्हाला लागलं त्याचं मनापासून वाईट वाटतं. पण नियम स्पष्ट आहे. खाली असलेल्याचा हक्क पहिला. कोलोरॅडोच्या १९७९ च्या कायद्यात लिहिलंय, खालच्या माणसाला न धडकण्याची मुख्य जबाबदारी वरून येणाऱ्याची. तुम्ही वर होतात. अंतर ठेवायला हवं होतं.

इसारकाठ

मला कोलोरॅडोचा कायदा सांगू नका, मी ऑस्ट्रियात, टायरोलमध्ये पडले. इकडे एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) दहा नियम चालतात, न्यायालयंही चूक कुणाची ते त्यावरूनच ठरवतात. तिसरा नियम तुम्ही म्हणता तोच आहे, मला पाठ आहे. पण पाचवा वाचलाय का? उतारावर नव्याने शिरताना, थांबून पुन्हा निघताना किंवा वरच्या दिशेने जाताना आधी वर आणि खाली बघायचं, मगच हलायचं. वरच्या दिशेने जाताना! तुमचा तो सुंदर टर्न म्हणजे नेमकं हेच.

आणि "अंतर ठेवायला हवं होतं" हे वाक्य मी इस्पितळातही ऐकलं, इन्शुरन्सवाल्याकडूनही. आता आपल्या माणसांकडूनही ऐकायचं का?

नागानोतून

मूळ प्रश्नाकडे येऊ का? इकडे जपानात बरीच मंडळी हॅमरहेड (हातोडीसारख्या सपाट टोकाचे) बोर्ड आणि सॉफ्ट बूटवर कार्व्ह करतात. रुंदी जास्त, त्यामुळे मोठा बूट बोर्डाच्या कडेबाहेर येण्याचा प्रश्न सुटतो. हार्ड बूटचा हट्ट का?

रॉकीकर

सॉफ्ट बूटचा धागा वेगळा काढा, तो इथे नको.

ताई, वाक्य मागे घेतो. मी कायद्याच्या भाषेत बोललो, तसं बोलायला नको होतं. तरी एक सांगतो. पाचवा नियम खरा असला तरी मागच्याने पुढच्याचा पुढचा टर्न कुठे जाईल हे गृहीत धरू नये, हेही तितकंच खरं. मला स्वतःला मागून दोनदा धडकलेत. एकदा बरगडी गेली. दोन्ही वेळा धडकणारा म्हणाला, "मला वाटलं तुम्ही तिकडे जाणार."

इसारकाठ

मीही तेच म्हणाले होते, "मला वाटलं." त्यामुळे तेवढं मान्य करते. पण तुमची बरगडी आणि माझं कॉलरबोन यांची वजाबाकी होऊन उत्तर शून्य येत नाही.

हार्डबूट

इथे माझी चूक आहे. टर्न वर चढवा असं लिहिलं, पण आधी काय करायचं ते लिहिलं नाही. मी रोज करतो, म्हणून लिहावंसं वाटलं नाही.

सॉफ्ट बूटवर पुढचा पाय १५-२० अंशांवर असतो (पाय बोर्डाला काटकोनात म्हणजे शून्य), शरीर कडेला तोंड करून, त्यामुळे हील साइडला (टाचांच्या बाजूला) वळताना पाठीमागचा भाग दिसतच नाही. हार्ड बूटवर ५५-६० अंश असतात, छाती बऱ्यापैकी पुढे असते, म्हणजे आम्हाला मान वळवून वर बघणं त्यांच्यापेक्षा सोपं आहे. न बघण्याला काही सबब नाही. मी उताराच्या माथ्यावर थांबतो, वरची माणसं जाऊ देतो, चार-पाच टर्न मारतो, कडेला थांबतो, पुन्हा वर बघतो. हील साइडच्या आधी दर वेळी खांद्यावरून नजर. गर्दी असेल तर टर्न आडवाच सोडतो, वर नेत नाही.

ताई, तुम्हाला धडकलेल्या माणसाने हे केलं नाही. यात त्याची बाजू मी घेणार नाही.

इसारकाठ

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर मी इतकी भडकले नसते. आणि छोट्या बोर्डाचा पट्टा २५ ऐवजी १४ मीटर असेल, तर माझ्यासारखीला तो बोर्ड बरा. तेवढ्यापुरती मी तुमच्या बाजूने.

रॉकीकर

मग मीही माझं उत्तर दुरुस्त करतो. "१७५ च्या खाली बघायचंच नाही" हे सरसकट चुकीचं होतं. पण १६२ सुद्धा सरसकट नाही. गर्दीच्या, मध्यम उतारांसाठी, वजनाप्रमाणे कडक असलेला १६२ ते १६८, रेडियस १० ते १२. उभ्या आणि मोकळ्या डोंगरासाठी माझा १८० मी सोडणार नाही. कॉइलर, डोनेकसारखे छोटे कारखाने मापाने बांधून देतात, पहिला प्रश्नच वजनाचा असतो. लांबी ते नंतर ठरवतात. हे मला पंधरा वर्षं माहीत होतं आणि तरी मी लांबीच आधी सांगितली.

लॅमिनेट

जुना बोर्ड असेल तर एक बघून घ्या. टिटॅनलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा आत असेल आणि बोर्ड एकदा दुमडला असेल, तर पत्रा परत सरळ होत नाही. पुढच्या बाइंडिंगच्या (बूट अडकवायच्या पकडीच्या) जरा पुढे, तळावर स्टीलची पट्टी उभी धरून मागे दिवा ठेवा. उजेडाची फट एका जागी अचानक वाढली तर हात लावू नका.

स्टुटगार्टमधला पुणेकर

प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं, काही दोनदा. काल विकणाऱ्याकडे जाऊन आलो. पट्टी धरली, तळ सरळ आहे. पहिला मालक किती किलोचा, विचारलं. ६८. म्हणजे हा बोर्ड गेला, बरोबर ना? दुसरा एक १६४ चा आहे, ९० किलोच्या माणसासाठी बांधलेला, मधली रुंदी २० सेंटिमीटर. पण माझा पाय मोठा, मोंडो (पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये) ३०.५, बुटाचा तळ मोजला तर ३३ सेंटिमीटर भरतो. बूट बाहेर येईल का?

हार्डबूट

पहिला सोडा, तुमच्याखाली तो दुमडेल.

दुसऱ्यासाठी वर्तमानपत्र जमिनीवर पसरा. बोर्ड मध्ये २० असला तरी पायाखाली थोडा रुंद असतो, तो विकणाऱ्याकडून बाइंडिंगच्या जागी मोजून घ्या. तेवढ्या अंतरावर दोन समांतर रेघा मारा. बूट मधोमध ठेवा आणि टाच आणि चवडा दोन्ही रेघांच्या आत येईपर्यंत फिरवत न्या. तिथे थांबून कोनमापकाने कोन मोजा, बूट रेघांना काटकोनात म्हणजे शून्य धरून. ६० च्या आसपास आला तर घ्या. ६५ च्या वर गेला तर गुडघ्यांना जड जाईल, २१-२२ रुंदीचा शोधा. ९० किलोसाठी बांधलाय म्हणजे तुम्हाला किंचित मऊ पडेल, सुरुवातीला हळू उतारावर चालवा. कोन किती आला ते इथे टाका.

इसारकाठ

आणि कुठल्या उतारावर जाणार तेही टाका. मी मार्चमध्ये पुन्हा स्कीवर उभी राहणार आहे.