प्रतिसाद: साथरोग कायदा पुरेसा होता का?

कोरोनाच्या साथीत 1897 चा साथरोग कायदा हाताशी असताना नेतृत्वाने निर्बंध आणि लोकांची रोजीरोटी यांत आणखी समतोल तो कोणता साधायचा, असा मुद्दा या चर्चेत मांडला गेला; तो मला पटत नाही. त्या कायद्याने सरकारला अधिकार भरपूर दिले आणि सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा लावण्यासही मज्जाव केला. परंतु निर्बंध किती दिवस चालावेत, त्यांची कारणे लोकांपुढे मांडावीत की नाही, रोजंदारी बुडालेल्यांची सोय कोणी पाहावी, याबाबत तो गप्प आहे, आणि नेत्याची पारख नेमकी तिथेच होते.

मराठवाड्यापुरती एक भर: 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी ‘ब’ वर्ग राज्यांत (मुख्यतः पूर्वीच्या संस्थानांची बनलेली राज्ये) असलेले प्रदेश, म्हणजे हैदराबाद राज्यातला आपला भागही, या केंद्रीय कायद्याच्या व्याप्तीतून वगळलेले होते; वगळणारे ते शब्द केंद्राने काढले ते थेट 2020 च्या दुरुस्तीने, कोरोनाची साथ सुरू झाल्यानंतर.